हुकूम देणाऱ्याला न्यायासनापुढे आणता येते काय?

निःशस्त्र माणसांवर सैन्याने गोळ्या झाडल्या, तर त्याचा जाब कोणाला विचारावयाचा? बंदुकीचा चाप ओढणाऱ्या शिपायाला, त्याला इशारा करणाऱ्या अधिकाऱ्याला, की राजधानीत बसून धोरण ठरविणाऱ्या राज्यकर्त्याला? आणि तो राज्यकर्ता आपल्याच देशातील न्यायालयांच्या आटोक्याबाहेर असेल, तर त्याला उभे करता येईल अशी एखादी जागा जगात आहे काय? हेगच्या न्यायालयाने अमक्या पंतप्रधानावर, तमक्या अध्यक्षावर वॉरंट काढले, अशा बातम्या अलीकडे आपण वाचतो आणि हा दूरदेशीच्या वकिलांचा विषय म्हणून पान उलटतो. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या वेशीपर्यंत येऊन गेलेला आहे. चिमूर, मुंबई, हैदराबादची हद्द आणि गोवा या चार ठिकाणी मराठी माणसाने तो आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून त्या वाटेनेच त्याचा विचार करू.

आम्ही कामगार चळवळीतील माणसे. कायदा आम्ही महाविद्यालयात शिकलो नाही. कारखान्याच्या फाटकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात शिकलो. तेथे पहिला धडा मिळाला तो असा. यंत्राचा पट्टा उघडा राहिला आणि कामगाराचा हात गेला की, मालक मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम कामगाराकडे. ही टोलवाटोलवी थांबावी म्हणून १९४८ च्या कारखाने अधिनियमाने भोगवटादार आणि व्यवस्थापक यांना जबाबदार धरले. भोपाळच्या संहारानंतर १९८७ साली त्यात दुरुस्ती झाली आणि कंपनी असेल तर तिचा संचालकच भोगवटादार, असे ठरले. ज्याच्या हाती अंतिम नियंत्रण, त्याच्या माथी अंतिम जबाबदारी, हे त्यातील सूत्र. पट्टा त्याने स्वतः उघडा ठेवला नसेल. पण तो झाकून घेण्याचा अधिकार त्याचा होता. राज्यकर्त्याच्या बाबतीत जगाने हेच सूत्र स्वीकारावे की नाही, एवढाच मूळ वाद आहे.

जालियनवाला ते चिमूर

ब्रिटिश अंमलात हे सूत्र कसे मोडले जाई, ते पाहण्यासाठी १९१९ च्या जालियनवाला बागेपासून निघावे लागते. सरकारी आकड्याप्रमाणेच तेथे ३७९ माणसे मेली. चौकशीसाठी हंटर समिती बसली. तिच्यावर मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते आणि जनरल डायरची त्यांनी घेतलेली उलटतपासणी इतिहासात नोंदली गेली आहे. परंतु समितीचा अहवाल येण्यापूर्वीच, १९१९ च्या सप्टेंबरात, सरकारने कायदेमंडळातून अभयदानाचा कायदा संमत करून घेतला होता. लष्करी अंमलाच्या काळात अधिकाऱ्यांनी सद्‌बुद्धीने केलेल्या कृत्यांबद्दल त्यांच्यावर खटला चालू नये, अशी ती तजवीज होती. डायरची नोकरी गेली. खटला झाला नाही. त्याची पाठराखण करणारा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायर तर सन्मानाने विलायतेस राहिला. १९४० साली उधमसिंगाने लंडनमध्ये त्याला गोळी घातली. न्यायालयाचे दार बंद असले की माणसे दुसरे दार शोधतात. आम्ही त्याचे समर्थन करीत नाही. इतिहासाचा अनुभव सांगतो.

चिमूर तर आपल्या विदर्भातले, आणि त्या वेळी ते व आपला जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच सरकारच्या अंमलाखाली होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तेथे पोलिसांचा गोळीबार झाला, चिडलेल्या जमावाने काही अधिकारी व पोलीस मारले आणि मग गावात सैन्य आले. त्या सैनिकांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या कहाण्या बाहेर आल्या. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीस गेले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेल्या वणीच्या लोकनायक बापूजी अणे यांच्या दारी त्यांनी मागणी केली ती एकच: निःपक्षपाती चौकशी करा. पुढे त्यांनी साठ दिवसांहून अधिक उपवास केला. चौकशी झाली नाही. जमावातील माणसांना फाशीच्या शिक्षा झाल्या. अनसूयाबाई काळे व इतरांनी मोठी चळवळ केली आणि त्यांचे प्राण वाचले. सैनिकांपैकी कोणाला, किंवा त्यांना पाठविणाऱ्यांपैकी कोणाला, एका दिवसाचीही शिक्षा झाली नाही. एकाच गावातील एकाच आठवड्याच्या घटनांना दोन तराजू लावले गेले.

फेब्रुवारी १९४६

आता एक महिना असा घेऊ की, ज्यात हा प्रश्न अगदी नागडा होऊन समोर उभा राहतो. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या कैसरवर खटला भरण्याचे व्हर्सायच्या तहात लिहिले होते, पण हॉलंडने त्याला आश्रय दिला व तो १९४१ साली तेथेच मरण पावला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र जेत्यांनी निश्चय केला. न्यूरेंबर्गचे न्यायासन नोव्हेंबर १९४५ पासून काम करू लागले. त्याच्या सनदेत दोन वाक्ये अशी होती की, त्यांनी शतकानुशतकांची समजूत उलथून टाकली. एक, आरोपी राष्ट्रप्रमुख असला तरी त्यामुळे तो सुटत नाही. दुसरे, वरून हुकूम होता एवढ्याने खालचा माणूस सुटत नाही. शिडीची वरची आणि खालची, दोन्ही टोके एकदम पकडली गेली.

तिकडे फिलिपाइन्समध्ये जपानी सेनापती यामाशिता याच्यावर खटला झाला. त्याने स्वतः कत्तलीचे हुकूम दिले, हा त्याच्यावरील मुख्य आरोप नव्हताच. आपल्या हाताखालच्या सैन्याला त्याने आवरले नाही, हा आरोप होता. त्यासाठी त्याला २३ फेब्रुवारी १९४६ रोजी फाशी देण्यात आली.

त्याच आठवड्यात मुंबईत काय चालले होते? १८ फेब्रुवारीस ‘तलवार’ या नाविक केंद्रावरील खलाशांनी बंड केले. त्यांच्या पाठिंब्यासाठी २२ तारखेस गिरणगाव रस्त्यावर आला. ब्रिटिश सैन्य चिलखती गाड्यांतून कामगार वस्त्यांत शिरले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्यानेच दोनशेहून अधिक माणसे मेली आणि हजाराच्या आसपास जखमी झाली. परळमध्ये कमल दोंदे ही कार्यकर्ती मारली गेली; कुसुम रणदिवे यांना पायात गोळी लागली. त्या दिवसांत न्यूरेंबर्गच्या न्यायासनावर ब्रिटनचा न्यायाधीश बसलेला होता आणि फिर्यादी पक्षात ब्रिटनचे वकील उभे होते. परळच्या मृतांसाठी असे कोणते आसन मांडले गेले? सैन्याला आवरले नाही म्हणून फिलिपाइन्समध्ये एक सेनापती दोरावर चढतो आणि त्याच दोन-तीन दिवसांत मुंबईत सैन्य मोकळे सोडणाऱ्यांना कोणी पत्रदेखील धाडीत नाही! गिरणी कामगारांच्या संघटनांनी हा दिवस आपल्या आठवणीत ठेवला. न्यूरेंबर्गच्या ग्रंथांशेजारी तो मांडून पाहण्याचे काम मात्र आपण फारसे केलेले नाही.

न्यायमूर्ती पाल यांचा आक्षेप

हीच विसंगती एका भारतीय न्यायाधीशाने जगासमोर मांडली. टोकियोच्या लष्करी न्यायासनावर अकरा न्यायाधीश होते; त्यांत कलकत्त्याचे राधाबिनोद पाल होते. १९४८ च्या नोव्हेंबरात बहुमताने पंचवीस आरोपींना दोषी ठरविले, सातांना फाशी झाली. पाल यांनी स्वतंत्र निकाल लिहून सर्वांना निर्दोष ठरविले. जपानने अत्याचार केले नाहीत, असे त्यांनी म्हटलेले नाही. युद्ध संपल्यावर नवा कायदा करून तो मागल्या कृत्यांना लावता येतो काय, आणि केवळ हरलेल्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले तर त्याला न्याय म्हणावे काय, असा त्यांचा प्रश्न होता. अणुबाँब टाकणाऱ्यांना कोण विचारणार, हेही त्यांनी सुचविले. जपानचा सम्राट तर आरोपींच्या यादीतच नव्हता. तो जेत्यांच्या सोयीचा होता.

पाल यांचा निष्कर्ष पूर्णतः मान्य करणे आम्हांला कठीण वाटते. सर्वच चोर पकडता येत नाहीत म्हणून पकडलेल्या चोराला सोडावयाचे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. नानकिंगच्या आणि मनिलाच्या मृतांना त्यातून काय मिळाले? परंतु त्यांचा आक्षेप पुसून टाकता येत नाही. जो कायदा फक्त पराभूताला लागतो, त्याला कायदा म्हणण्यास लोक तयार होत नाहीत. पुढील पाऊणशे वर्षांचा सारा झगडा या एका वाक्याभोवती फिरतो.

आपल्या हद्दीपलीकडे

येथवर आरोपी परके होते, म्हणून बोलणे सोपे होते. आता आपल्या वेशीकडे वळू. वऱ्हाड हा प्रांतच एके काळी निजामाचा. १८५३ साली तो इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२ साली कायमच्या पट्ट्याने दिला गेला, तरी नावाची मालकी निजामाचीच होती. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण व पश्चिम बाजूस निजामी राज्याची हद्द लागून होती. १९४७-४८ साली रझाकारांच्या जुलुमाला भिऊन माणसे हद्द ओलांडून वऱ्हाडात येत. उमरखेडसारख्या गावी स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची केंद्रे उभी राहिली. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. हा इतिहास आपल्या भागात घरोघरी सांगितला जातो आणि तो खरा आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. निजाम सरकारने त्यापूर्वीच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली होती; ही आपली अंतर्गत बाब आहे, अशी भूमिका भारताने घेतली. मराठवाड्याच्या जनतेला मुक्ती मिळाली, याबद्दल दुमत नाही. रझाकारांच्या कृत्यांचा हिशोब कसा झाला? कासिम रझवीला शिक्षा झाली. १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात गेला. पंतप्रधान लायक अली १९५० साली नजरकैदेतून निसटला. आणि ज्याच्या राज्यात हे सारे घडले तो निजाम १९५० ते १९५६ पर्यंत राजप्रमुख म्हणून मिरवला. वरच्या पायरीवरचा माणूस येथेही सुटला.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत मराठवाडा, बिदर, गुलबर्गा या भागांत सूडाची लाट उसळली आणि ज्यांनी रझाकारांचे तोंडही पाहिले नव्हते असे असंख्य मुसलमान शेतकरी, विणकर, मजूर मारले गेले. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व त्यांचे सहकारी यांना पाहणीसाठी धाडले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ही मंडळी गावोगाव फिरली. मृतांची संख्या सावधपणे धरली तरी २७ ते ४० हजार असावी, असा त्यांनी अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले, असे लिहिले. काही ठिकाणी सैनिक व पोलीस यांनी लुटीला उत्तेजन दिल्याचे, काही वेळा स्वतः भाग घेतल्याचेही नोंदले. या आकड्यांबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही, तो कित्येक दशके सामान्य वाचकाच्या हाती पडला नाही, याबद्दल वाद नाही. खटले भरणे तर दूरच.

त्याच अहवालात एक नोंद आहे, ती आम्हांला विशेष मोलाची वाटते. काही गावी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भाऊबंदांना हिंदू जमावापासून वाचविले आणि त्यासाठी स्वतःच्या जीवाचे मोल दिले. एका मागावर बसणाऱ्यांचे नाते धर्माच्या दंगलीत टिकले. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात यावयास हवे होते.

हा प्रसंग येथे आणल्याबद्दल काही वाचक रागावतील. रझाकारांनी केले ते विसरलात काय, असे विचारतील. विसरलो नाही. परंतु एकाच्या पापाची वजाबाकी दुसऱ्याच्या पापातून करता येत नाही. दोन्ही बाजूंचे मृत आपापल्या खात्यावर उभे असतात. डायरला विचारावयाचा प्रश्न आपल्या सत्तेला विचारण्याची तयारी नसेल, तर डायरला विचारण्याचा हक्क दुबळा होतो.

गोवा, १५ ऑगस्ट १९५५

आता गोव्याचे प्रकरण घेऊ. कारण राष्ट्राचा नेता, निःशस्त्रांवरील गोळीबार आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय हे तीनही धागे येथे एकत्र येतात. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार १९३२ पासून पंतप्रधान होता. १९५१ साली त्याने राज्यघटनेत बदल करून गोव्याला वसाहतीऐवजी ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. नाव बदलले की गुलामी ही अंतर्गत बाब ठरते, हा त्यातला डाव.

१९५५ साली पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीने सत्याग्रही तुकड्या धाडण्यास प्रारंभ केला. १८ मे रोजी नानासाहेब गोरे यांची तुकडी हद्दीत शिरली. वृद्ध सेनापती बापट तीत होते. जुलैत मधू लिमये गेले. पोर्तुगीज लष्करी न्यायासनाने गोऱ्यांना दहा व लिमयांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. ज्यांच्या हाती बंदुका, तेच न्यायाधीश. ज्यांचे हात रिकामे, ते आरोपी!

१५ ऑगस्ट रोजी देशाच्या सर्व भागांतून आलेले हजारो सत्याग्रही एकाच दिवशी निरनिराळ्या वाटांनी गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळीबार केला. वीसहून अधिक माणसे मरण पावली, कितीतरी जखमी झाली. पत्रादेवीच्या नाक्यावर पंजाबातील इसरू गावचा तरुण कर्नैलसिंग पडला. पनवेलचे हिरवे गुरुजी गेले, उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ गेले. सागरच्या सहोद्राबाई राय गोळी लागून जबर जखमी झाल्या. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रदेश राज्यातच होता. म्हणजे सहोद्राबाई आपल्याच राज्याच्या. पुढे त्या लोकसभेवर निवडून गेल्या. या माणसांच्या हाती तिरंगा होता, काठीही नव्हती.

भारत सरकारने वकिलाती बंद केल्या, रेल्वे तोडली. मग न्यायालयात कोण गेले? ऐकून आश्चर्य वाटेल: पोर्तुगालच गेला! १४ डिसेंबर १९५५ रोजी तो संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला, १९ तारखेस त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेस भारताविरुद्ध फिर्याद दाखल केली. फिर्याद होती दादरा-नगरहवेलीत जाण्यायेण्याच्या हक्काची. १९५४ साली हे मुलूख स्वयंसेवकांनी मुक्त केले होते आणि भारताने पोर्तुगीज सैन्याला आपल्या भूमीवरून जाऊ दिले नव्हते. भारताच्या बाजूने अ‍ॅटर्नी-जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. डायरची उलटतपासणी घेणाऱ्या चिमणलालांचे हे चिरंजीव. न्यायासनावर भारतातर्फे मुंबईचे मुख्य न्यायाधीश छगला बसले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असे न्यायालयाने ठरविले.

चार वर्षे खल झाला तो रस्त्यावर. पत्रादेवीच्या प्रेतांबद्दल त्या निकालात काही नाही, कारण तो प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. आणि असता तरी उपयोग नव्हता. ते न्यायालय राष्ट्राराष्ट्रांतील तंटे ऐकते, माणसाला आरोपी करीत नाही. सालाझारवर खटला भरावयाचा तर न्यायासनच अस्तित्वात नव्हते. न्यूरेंबर्गचे आसन मोडले होते, टोकियोचे मोडले होते. ‘मानवतेविरुद्ध गुन्हा’ ही कल्पनाही न्यूरेंबर्गमध्ये युद्धाला जोडलेली होती. सत्याग्रह हे युद्ध नव्हे. शिवाय पोर्तुगाल नाटोचा सभासद. सुरक्षा समितीतील बडी राष्ट्रे त्याची मित्र.

पुढचा इतिहास आणखी बोलका आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात गेले तेव्हा सालाझारने आपल्या गव्हर्नरला शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला. गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा याने शहाणपणाने शरणागती पत्करली आणि हजारो प्राण वाचविले. त्याबद्दल १९६३ साली त्याला सैन्यातून काढण्यात आले. निःशस्त्रांवर गोळ्या झाडणाऱ्या राजवटीने शिक्षा दिली ती गोळ्या न झाडणाऱ्याला! १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला त्याचा हुद्दा परत मिळाला. गोव्यात छळासाठी कुप्रसिद्ध झालेला पोलीस काझिमिरो मोंतेरो हा पुढे १९६५ साली जनरल डेल्गादो या विरोधी नेत्याच्या खुनात सापडला. क्रांतीनंतर लिस्बनच्या न्यायालयाने तो गैरहजर असताना त्याला दोषी ठरविले. सालाझार मात्र १९६८ पर्यंत सत्तेवर राहिला आणि १९७० साली अंथरुणावर मेला. १५ ऑगस्टचा जाब त्याला कोणत्याही न्यायालयाने विचारला नाही.

आज काय आहे?

मग आज काही बदलले आहे काय? बदलले आहे. १९९३ साली युगोस्लाव्हियासाठी आणि १९९४ साली रुवांडासाठी संयुक्त राष्ट्रांनी न्यायासने स्थापिली. रुवांडाचा माजी पंतप्रधान कंबांडा याला १९९८ साली वंशसंहाराबद्दल जन्मठेप झाली. मिलोसेव्हिचवर तो अध्यक्षपदी असतानाच १९९९ साली आरोप ठेवला गेला. खटला चालू असता २००६ साली तो कोठडीत मेला. चिलीचा पिनोशे १९९८ साली लंडनमध्ये पकडला गेला. लायबेरियाचा चार्ल्स टेलर २०१२ साली पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला. आणि १७ जुलै १९९८ रोजी रोम येथे १२० राष्ट्रांनी कायमचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापण्यास मत दिले. १ जुलै २००२ पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्याच्या सत्ताविसाव्या कलमाने राष्ट्रप्रमुखपद ही ढाल काढून घेतली. ‘मानवतेविरुद्ध गुन्ह्या’ला आता युद्धाचीही गरज नाही. या न्यायालयाने सुदानच्या बशीरवर २००९ साली, रशियाच्या पुतिनवर २०२३ साली, इस्रायलच्या नेतान्याहूंवर २०२४ साली वॉरंट काढले. फिलिपाइन्सचा माजी अध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५ मध्ये मनिलात पकडला जाऊन हेगला नेला गेला.

येथे एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. सत्तेवर असलेल्या पंतप्रधानाला परक्या देशाच्या न्यायालयापुढे खेचता येत नाही. २००२ साली काँगो व बेल्जियम यांच्या खटल्यात जागतिक न्यायालयाने परराष्ट्रमंत्र्याबाबत हेच सांगितले. आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे मात्र ही सूट चालत नाही. तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर, कायद्यापुरते, ‘होय’ असे आहे.

परंतु कामगाराला विचारा. लेबर कोर्टाचा निवाडा हाती पडतो, मिठाई वाटली जाते, आणि मग वसुलीसाठी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. हेगच्या न्यायालयाची गत तीच आहे. निवाडा आहे, बेलीफ नाही. त्याच्याजवळ स्वतःचा पोलीस नाही. सभासद राष्ट्राने माणूस पकडून द्यावा लागतो. मंगोलिया सभासद असूनही २०२४ साली पुतिन तेथे जाऊन परत आले. अमेरिका, रशिया, चीन आणि भारतही त्याचे सभासद नाहीत. २००२ पूर्वीच्या कृत्यांना त्याचा हात पोहोचत नाही. म्हणजे पत्रादेवी, परळ, मराठवाडा ही सारी त्याच्या दृष्टीने काळाच्या पलीकडची. न्यायमूर्ती पालांचा आक्षेप अजून पुरता भागलेला नाही: दुबळ्या राष्ट्रांचे नेते पिंजऱ्यापर्यंत पोहोचतात, बलाढ्यांचे वॉरंटापर्यंत.

भारताने रोम येथे मतदानात भाग घेतला नाही. सुरक्षा समितीला या न्यायालयावर दिलेले अधिकार आणि अण्वस्त्रांना गुन्ह्यांच्या यादीतून वगळणे, हे त्याचे आक्षेप होते. दोन्ही वजनदार आहेत. पण बाहेरचे न्यायालय नको असेल तर घरचे न्यायालय खुले हवे, ही त्याची दुसरी बाजू आहे. रोमच्या करारातही देशातील न्यायालयाचाच हक्क पहिला मानला आहे. आपल्याकडे १९५८ च्या सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याखाली केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. युद्धातील घोर गुन्ह्यांसाठी १९६० साली केलेल्या जिनिव्हा करार अधिनियमातही फिर्याद सरकारनेच करावी लागते. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच खिशात न्यायालयाची किल्ली! २०१६ साली मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अशांत प्रदेशातही सैनिकाला सरसकट अभय नाही, असे निक्षून सांगितले. ही दिशा योग्य आहे.

सामान्य नागरिकाने यात काय करावे? आफ्रिकेतील चाड देशाचे उदाहरण घ्या. तेथील हुकूमशहा हाब्रे १९९० साली पदच्युत होऊन सेनेगलला पळाला. त्याच्या कैदेतून सुटलेल्या सामान्य माणसांनी मेलेल्यांची, छळलेल्यांची टिपणे गोळा केली. गुप्त पोलिसांची दप्तरे पुढे सापडली. २०१६ साली सेनेगलमध्येच खास आफ्रिकी न्यायासनाने त्याला जन्मठेप दिली. सव्वीस वर्षे लागली, पण कागद जपलेले होते म्हणून ती वाट पाहता आली. युनियनचे काम करणाऱ्याला हे लवकर समजते. हजेरीपत्रक नसेल तर कामगार कामावर होता हेच सिद्ध होत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या हद्दीवरच्या गावांत १९४८ पाहिलेली माणसे आता फारच थोडी उरली आहेत. रझाकारांनी मारलेल्यांची आणि नंतरच्या सूडात मेलेल्यांची, दोन्ही नावे, गाववार, तारीखवार लिहून काढावीत. महाविद्यालयांनी व ग्रंथालयांनी हे काम अंगावर घ्यावे. गोव्याच्या सत्याग्रहाला आपल्या भागातून कोण गेले, त्यांचीही नोंद व्हावी. या प्रकरणांत खटला आता उभा राहणार नाही, हे आम्ही जाणतो. आरोपीही गेले आणि फिर्यादीही गेले. परंतु पुढे कधी कोणा सत्तेने निःशस्त्रांवर बंदूक रोखली, तर अशा वेळी नावे लिहून ठेवण्याची सवय लागलेली माणसे गावात असली पाहिजेत.